पांढरा म्हणजे नेमका कोणता?

टीव्हीचं कॅलिब्रेशन झालेल्या घरात पहिल्या संध्याकाळी एक प्रश्न हमखास विचारला जातो: "हे पिवळट का दिसतंय?" आमच्याकडे तो आईने विचारला. तंत्रज्ञ चार तास पडद्यासमोर बसून, करड्या रंगाचे चौकोन एकामागून एक मोजून नुकताच गेला होता. आई म्हणाली, "आधी कसा नीळ दिलेल्या धोतरासारखा पांढराशुभ्र दिसायचा." या विषयावर मी बरंच वाचलं आहे, पण इतकं अचूक निदान दुसरीकडे सापडलं नाही. जुनं सुती कापड पिवळं पडायला लागलं की आपण शेवटच्या पाण्यात नीळ टाकतो. कापडाचा मळ त्याने निघत नाही, पण निळसर झाक आली की डोळा ते अधिक पांढरं समजतो. टीव्हीच्या कारखान्यातही हेच होतं. खोक्यातून बाहेर निघालेल्या टीव्हीला भरपूर नीळ दिलेली असते.

मग नीळ न दिलेला पांढरा कोणता? त्याचं उत्तर ठरलेलं आहे. त्याला डी६५ म्हणतात. ढगांआडून येणाऱ्या दुपारच्या उजेडाशी मिळताजुळता हा पांढरा साधारण ६,५०० केल्विनचा असतो आणि रंगांच्या नकाशावर त्याची जागा ०.३१२७ आणि ०.३२९० या दोन आकड्यांनी पक्की केलेली आहे. चित्रपटाची टीव्हीसाठीची प्रत तयार करताना रंगतज्ज्ञ ज्या मॉनिटरकडे बघत असतो, त्यावरचा पांढरा हाच असतो. साध्या, म्हणजे एचडीआर नसलेल्या चित्रासाठी त्या पांढऱ्याचा उजेड १०० निट, खोली अंधारी, आणि मॉनिटरच्या मागे त्याच रंगाचा मंद प्रकाश. या खोलीत बसून तो ठरवतो की नायिकेच्या गालावर किती लाली हवी, विहिरीच्या तळाशी काळोख किती दाट हवा. कॅलिब्रेशन म्हणजे आपला टीव्ही त्या मॉनिटरच्या भाषेत बोलायला लावणं. बाजारात वैधमापनवाले दुकानदाराचा काटा प्रमाणित वजनांशी ताडून शिक्का मारतात. त्यातलंच हे काम, फक्त वजनाऐवजी उजेडाचं.

ही प्रमाणं आली कुठून? १९३१ साली रंगमापनाची आंतरराष्ट्रीय पद्धत ठरली तेव्हा माणसाचा डोळा रंग कसा पाहतो याचा आधार म्हणून दोन इंग्रज संशोधकांचे प्रयोग घेतले गेले. राइट यांनी दहा माणसांवर प्रयोग केले होते, गिल्ड यांनी सात. या सतरा जणांच्या नजरेच्या सरासरीतून 'प्रमाण निरीक्षक' तयार झाला आणि आज जगातला जवळजवळ प्रत्येक पडदा त्याच्याच डोळ्यांनी मोजला जातो. हे मला नेहमी थक्क करतं, आणि पुढे बघू तसं थोडं अडचणीतही टाकतं.

रंगीत टीव्हीचा इतिहास आपल्यासाठी जरा वेगळा आहे. अमेरिकेने १९५३ साली स्वीकारलेल्या एनटीएससी पद्धतीत लहरी वाटेत थोड्या जरी ढळल्या तरी चेहरे हिरवे किंवा जांभळे व्हायचे. म्हणून तिथल्या प्रत्येक टीव्हीवर टिंटचं बटण असायचं आणि घरोघरी ते पिळलं जायचं. जर्मनीत वॉल्टर ब्रुख यांनी १९६३ मध्ये दाखवलेल्या पॅल पद्धतीत दर दुसऱ्या ओळीला रंगाची दिशा उलटते, त्यामुळे एका ओळीतली चूक पुढची ओळ पुसून टाकते. भारताने पॅल घेतली. १९८२ मध्ये, दिल्लीच्या आशियाई खेळांच्या वर्षी, दूरदर्शन रंगीत झालं तेव्हा आपल्या हाती आलेल्या टीव्हीवर ब्राइटनेस, कॉन्ट्रास्ट आणि कलर असायचं, टिंट ढळण्याची धास्ती नव्हती. टीव्हीचा रंग आपण मुद्दाम तपासायचा असतो ही सवय आपल्याकडे रुजली नाही, याचं एक कारण मला हे वाटतं. अमेरिकेत मात्र त्या वैतागातूनच एक व्यवसाय उभा राहिला. जो केन यांनी १९८९ मध्ये लेसर डिस्कवर 'अ व्हिडिओ स्टँडर्ड' नावाचा चाचणी-चित्रांचा संच काढला. स्टुडिओतलं प्रमाण पहिल्यांदा सामान्य प्रेक्षकाच्या दिवाणखान्यात आलं ते अशा संचांतून. १९९४ पासून जोएल सिल्व्हर यांच्या इमेजिंग सायन्स फाउंडेशनने, म्हणजे आयएसएफने, घरोघरी जाऊन टीव्ही जुळवणारे तंत्रज्ञ शिकवून तयार करायला सुरुवात केली. काही टीव्हींच्या मेन्यूत आजही 'आयएसएफ एक्स्पर्ट' नावाचा मोड सापडतो, तो या परंपरेचा.

आता दुकानाकडे. दसरा-दिवाळीच्या गर्दीत भिंतभर चाळीस टीव्ही एकाच वेळी चालू असतात, वर ट्यूबलाइटचा लखलखाट असतो. तिथे डोळा सर्वात उजळ आणि सर्वात निळ्या पडद्याकडे ओढला जातो. म्हणून 'व्हिव्हिड' मोड. त्यात पांढरा १०,००० केल्विनच्याही पुढे ढकललेला असतो, रंग फुगवलेले असतात, कडा कोरलेल्या असतात, आणि दोन फ्रेमच्या मध्ये यंत्राने कल्पनेने रचलेल्या नव्या फ्रेम घुसडून हालचाल तुपासारखी सरकती केलेली असते. या शेवटच्या प्रकाराने चित्रपट मालिकेसारखा दिसू लागतो. २०१८ च्या डिसेंबरमध्ये टॉम क्रूझने दिग्दर्शक क्रिस्टोफर मॅक्वॉरीसोबत खास व्हिडिओ काढून प्रेक्षकांना हे बंद करण्याची विनंती केली होती. शार्पनेसचं दुखणं पाहायचं तर मराठी बातम्यांच्या खालच्या पट्टीकडे जवळून बघा. शिरोरेषेच्या वर एक पांढरी बारीक सावली पळताना दिसेल. ती अक्षराची नाही, टीव्हीने स्वतःहून काढलेली आहे. शार्पनेस उतरवला की ती जाते आणि अक्षर मूळचं जसं आहे तसं उरतं.

तर तंत्रज्ञ घरी येऊन करतो काय? आधी काहीच करत नाही. टीव्ही अर्धा-पाऊण तास चालू ठेवून तापू देतो, कारण थंड पॅनेल आणि तापलेलं पॅनेल वेगळी मापं देतात. मग योग्य मोड निवडतो, खोलीतल्या उजेडावरून चित्र बदलणारा सेन्सर, वीजबचत, डायनॅमिक कॉन्ट्रास्ट, हे सगळं बंद करतो. चालू राहिलं तर तो मोजत असतानाच टीव्ही पायाखालची जमीन हलवत राहील. नंतर काळ्याची पातळी. इथे 'ब्राइटनेस' या शब्दाने पिढ्यान्‌पिढ्या लोकांना फसवलं आहे. परंपरेने या बटणाने उजेड वाढत नाही, काळा किती काळा हे ठरतं. व्हिडिओत काळा १६ या अंकावर आणि पांढरा २३५ वर असतो. सेट-टॉप बॉक्स किंवा लॅपटॉप ० ते २५५ पाठवत असेल आणि टीव्ही १६ ते २३५ ची वाट बघत असेल, तर सावल्यांचा गाळ होतो. उलट झालं तर काळ्यावर राख पसरल्यासारखी दिसते. अनेक घरांतला 'टीव्हीचा दोष' हा एवढाच, वायरीच्या दोन टोकांमधला गैरसमज असतो.

त्यानंतरचा भाग खऱ्या कौशल्याचा. पडद्यावर करड्याच्या पायऱ्या येतात, जवळजवळ काळ्यापासून पूर्ण पांढऱ्यापर्यंत. प्रत्येक पायरीवर मापक लाल, हिरवा, निळा यांचं प्रमाण सांगतो. उजळ टोकाकडचा तोल 'गेन'ने साधतात, काळोख्या टोकाकडचा 'कट' किंवा 'बायस'ने. एक ओढला की दुसरा हलतो, म्हणून पुन्हा मागे जावं लागतं. नव्या टीव्हींत वीस-वीस पायऱ्या स्वतंत्रपणे सुधारता येतात, पण चांगला तंत्रज्ञ तिथे हात आखडता घेतो. आकडे सरळ करण्याच्या नादात वीस जागी ओढाताण केली तर आकाशाच्या सलग उताराला पट्टे पडतात. करडा जुळला की रंग. ते बहुतेक वेळा आपसूकच जवळ आलेले असतात, कारण सगळे रंग त्या करड्याच्याच पायावर उभे असतात. शेवटी उरलेली चूक 'डेल्टा ई' या एककात मांडतात. ३ च्या खालचा फरक चालत्या चित्रात सहसा जाणवत नाही असं व्यवहारात मानतात, १ च्या खालचा तर शेजारी ठेवूनही ओळखणं कठीण. हे सगळं दिवसाच्या मोडसाठी, रात्रीच्या मोडसाठी, एचडीआरसाठी वेगळं करावं लागतं, म्हणून अर्धा दिवस जातो. काम झाल्यावर आधीचा आणि नंतरचा असे दोन आलेख हातात ठेवणारा माणूस निवडावा. नुसतं डोळ्याने बघून 'सेट करून देतो' म्हणणाऱ्याला पैसे देऊ नयेत.

मापकाबद्दल मात्र थोडं थांबायला हवं, कारण या क्षेत्रातला सर्वात प्रामाणिक वाद इथे आहे. सर्रास वापरला जाणारा कलरिमीटर रंगीत गाळण्यांतून पाहतो. तो चपळ असतो, काळोखातही नीट वाचतो, किंमतही आवाक्यात. पण त्याच्या गाळण्या माणसाच्या डोळ्याची फक्त नक्कल करतात, आणि ही नक्कल पडद्याच्या प्रकाराप्रमाणे चुकते. साधा एलईडी, क्वांटम डॉट, ओएलईडी, प्रत्येकाच्या उजेडाची घडण निराळी. म्हणून आधी स्पेक्ट्रोरेडिओमीटर नावाच्या महागड्या यंत्राने, जे प्रकाशाच्या लहरीच उलगडून मोजतं, त्याच पडद्यावर कलरिमीटरची चूक काढून घ्यायची आणि मग काम करायचं. ही पायरी गाळणाऱ्याचा पांढरा चुकीचाच ठरू शकतो, आलेख कितीही सुंदर असला तरी.

आणि हे सगळं काटेकोर केल्यावरही कधीकधी दोन पडद्यांवर मापक एकच आकडा दाखवतो आणि डोळ्याला मात्र एक हिरवट, एक गुलाबी दिसतो. इथे ते सतरा जण आठवतात. १९३१ च्या प्रमाण निरीक्षकाचं निळ्याकडच्या बाजूचं मोजमाप कमी पडतं हे जड नावाच्या संशोधकांनी १९५१ मध्येच दाखवून सुधारणा सुचवली होती. जुन्या ट्यूबच्या टीव्हीत रंगांचे पट्टे रुंद होते, तेव्हा ही उणीव खपून गेली. ओएलईडीचे अरुंद, टोकदार पट्टे आल्यावर ती उघडी पडली. सोनीने स्टुडिओच्या ओएलईडी मॉनिटरसाठी जड यांच्या सुधारणेवर आधारलेला पांढरा सुचवला, तो याचमुळे. म्हणजे प्रमाण पक्कं आहे, पण ते ज्या डोळ्यावर बेतलं तो तुमचा किंवा माझा डोळा असेलच असं नाही. जाणकार तंत्रज्ञ हे लपवत नाही, शेवटी डोळ्याने ताडून पाहतो आणि तसं सांगतो.

एवढा खटाटोप प्रत्येकाने करावा का? माझं मत स्पष्ट आहे: बहुतेकांनी करू नये, पण त्यातला फुकटचा भाग प्रत्येकाने करावा. सुधारणेचा सर्वात मोठा वाटा पैसे न देता मिळतो. सिनेमा, मूव्ही किंवा फिल्ममेकर मोड लावा. रंगछटा 'वॉर्म'वर न्या. शार्पनेस उतरवा. हालचाल गुळगुळीत करणारी सोय चित्रपटासाठी बंद करा. २०१९ मध्ये यूएचडी अलायन्सने फिल्ममेकर मोड जाहीर केला तेव्हा मार्टिन स्कॉर्सेसी आणि क्रिस्टोफर नोलन यांच्यासारखे दिग्दर्शक त्यामागे उभे राहिले, कारण हे सगळं एका बटणात मिळावं अशी त्यांची इच्छा होती. चांगल्या कंपन्यांचे वरच्या श्रेणीतले टीव्ही आज या मोडमध्ये कारखान्यातूनच इतके जवळ येतात की वीस वर्षांपूर्वी तंत्रज्ञ जेवढं साधायचा तेवढं आयतं मिळतं. दुसऱ्या कुणाचे आकडे उतरवून घेण्याचा मोह मात्र टाळावा. मोड आणि शार्पनेस उतरवून घेतले तर चालतात, गेन आणि कट चालत नाहीत. एकाच मॉडेलची दोन पॅनेलही सख्ख्या भावांसारखी असतात, जुळी नसतात.

पैसे देऊन कॅलिब्रेशन कुणी करावं? प्रोजेक्टर असलेल्याने, कारण तिथे पडद्याचं कापड आणि भिंतींचा रंगही चित्रात मिसळतो. मोठा ओएलईडी घेऊन अंधारात चित्रपट पाहणाऱ्याने. घरी बसून रंगाचं काम करणाऱ्याने तर नक्कीच. अमेरिकेत यासाठी काही शे डॉलर पडतात. आपल्याकडे मुंबई-पुण्यासारख्या शहरांत होम थिएटर बसवणाऱ्यांपैकी मोजकेच हे काम मनापासून करतात. तीस-पस्तीस हजारांच्या टीव्हीवर हा खर्च करण्यापेक्षा तेच पैसे पुढच्या टीव्हीसाठी बाजूला ठेवावेत. ज्या पॅनेलला काळा दाखवताच येत नाही त्याला कोणताही तंत्रज्ञ काळा शिकवू शकत नाही.

खोलीचा विचार आपल्याकडे सर्वात कमी होतो आणि तो सर्वात जास्त मोलाचा आहे. आपल्या घरांतली ट्यूब किंवा एलईडी पट्टी बहुधा ६,५०० केल्विनची, म्हणजे योगायोगाने प्रमाण पांढऱ्याच्या जवळची असते. त्या उजेडात बसलेल्या डोळ्याला जुळवलेला टीव्ही खरं तर पिवळा वाटायला नको. वाटतो, कारण डोळा जुन्या निळ्या पडद्याला सरावलेला असतो. आठवडाभर द्या. आईला पाच दिवस लागले. सहाव्या दिवशी मी तिला जुना मोड लावून दाखवला तर ती म्हणाली, माणसं आजारी दिसतायत. गैरसोय ट्यूबच्या रंगाची नाही, जागेची आहे. ती समोरच्या भिंतीवर असते आणि तिचं प्रतिबिंब थेट पडद्यावर पडतं. तोच उजेड मंद करून टीव्हीच्या मागे लपवला तर डोळा शिणत नाही आणि काळा अधिक गडद भासतो. गॅमा नावाचा आकडाही खोलीशीच बांधलेला आहे. २० टक्के संकेताची सावली १०० निटच्या पडद्यावर २.४ गॅमाला साधारण २.१ निटने उजळते, २.२ ला २.९ निटने. अंधारात पहिला हवा, दिवा लागलेल्या खोलीत दुसरा, नाहीतर सावलीतले चेहरे गडप होतात. दुपारी खिडकी उघडी ठेवून क्रिकेट बघणाऱ्याने तर बिनदिक्कत उजेड वाढवावा. १०० निट हे अंधाऱ्या खोलीचं प्रमाण आहे.

एचडीआरने हा सगळा हिशेब बदलला. जुन्या पद्धतीत टीव्हीला 'इतके टक्के उजेड' असं सांगितलं जायचं. २०१४ साली प्रमाणित झालेल्या पीक्यू पद्धतीत थेट 'इतके निट' असा हुकूम येतो, १०,००० निटपर्यंत. घरचा पडदा सहसा तिथवर पोचत नाही, म्हणून वरचा भाग दाबून बसवावा लागतो, आणि तो कसा दाबायचा हे प्रत्येक कंपनी आपल्या मनाने ठरवते. तंत्रज्ञ करडा सरळ करू शकतो, पण दाबण्याची ही रीत फारशी बदलू शकत नाही. शिवाय हुकूम अंधाऱ्या खोलीसाठीचा असल्याने उजेडाच्या दिवाणखान्यात एचडीआर चित्र काळवंडलेलं दिसतं आणि उजेड आधीच शेवटच्या टोकाला गेलेला असल्याने तो वाढवायला जागा उरत नाही. बीबीसी आणि जपानच्या एनएचकेने मिळून आणलेली एचएलजी पद्धत पडद्याच्या कुवतीप्रमाणे जुळवून घेते, आणि डॉल्बी व्हिजन आयक्यूसारख्या सोयी खोलीचा उजेड मोजून सावल्या उचलतात. माझ्या मते या सोयी ठेवाव्यात. काटेकोरपणाच्या हट्टापायी न दिसणारं चित्र बघण्यात अर्थ नाही.

२०१९ च्या एप्रिलमध्ये 'गेम ऑफ थ्रोन्स'चा रात्रीच्या लढाईचा भाग आला आणि काहीच दिसत नाही अशी तक्रार जगभर झाली. छायालेखक फेबियन वॅगनर यांनी लोकांना टीव्ही नीट जुळवता येत नाही असं म्हटलं. ते अर्धंच खरं होतं, कारण इंटरनेटवरून येताना चित्र इतकं आवळलं जातं की काळ्याचे ठोकळे पडतात, आणि ते कुठल्याही कॅलिब्रेशनने भरून येत नाहीत. केबलवरच्या मराठी वाहिन्यांचंही तसंच आहे. मूळ चित्रच धुवट आलं तर जुळवलेला टीव्ही ते धुवटपण इमानदारीने दाखवतो.

पण मूळ चांगलं असेल तर काय हाती लागतं, हे मी राही अनिल बर्वे यांच्या 'तुंबाड'मध्ये पाहिलं. छायालेखक पंकज कुमार यांनी पावसाळ्यातला कोकण करड्याच्या अगणित छटांत पकडला आहे. व्हिव्हिड मोडमध्ये तो पाऊस निळा होतो आणि वाड्यातला काळोख फिकट धुकं बनतो. कंदिलाचा पिवळा आणि देवीच्या गर्भातल्या भिंतींचा लाल एकमेकांवर कुरघोडी करतात. जुळवलेल्या पडद्यावर लालाच्या आतले पोत दिसले, ओल्या भिंतीवरचं शेवाळ आणि ओला चिरा वेगळे ओळखू आले, आणि कंदील जिथवर पोचत नव्हता तिथे खरोखर काही दिसत नव्हतं. भीती तिथेच होती.

हे काम एकदा करून कायमचं होत नाही. ओएलईडीचा निळा घटक इतरांआधी झिजतो, प्रोजेक्टरचा दिवा तर त्याहून लवकर मावळतो, म्हणून दोन-तीन वर्षांनी एकदा पुन्हा मोजून घ्यावं. त्याआधीही घात होऊ शकतो. गेल्या पावसाळ्यात आमच्या टीव्हीत रात्री आपोआप एक अपडेट आला आणि सकाळी सगळे आकडे पुसलेले होते, मोड परत 'स्टँडर्ड'वर. कंपनीच्या सेवाकेंद्राने काही करता येणार नाही असं सांगितलं. तंत्रज्ञाने जाताना मला सगळे आकडे वहीत लिहून घ्यायला लावले होते. संध्याकाळी वही घेऊन बसलो, आईने वाचून दाखवले, मी भरत गेलो. शेवटचा निळ्याचा गेन उणे अकरा भरल्यावर ती म्हणाली, "हं, आता नीळ गेली."